खोटी चिठ्ठी आणि खानदेशचा रानपिंगळा

२५ नोव्हेंबर १९९७. शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळचे ऊन पडले आहे. एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ठेंगणे, मोठ्या डोक्याचे एक घुबड निवांत ऊन खात बसले आहे. खाली तीन अमेरिकन पक्षीअभ्यासक उभे आहेत : पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट. ते बंदूक उचलत नाहीत. ते व्हिडिओ कॅमेरा सुरू करतात आणि छायाचित्रे घेतात. शास्त्राच्या दप्तरी या पक्ष्याची शेवटची खात्रीलायक नोंद होती १८८४ सालची. मध्ये ११३ वर्षे उलटली होती.

मंडळी, आजचा धागा या पक्ष्याचा आहेच. पण त्याहून अधिक तो एका चिठ्ठीचा आहे. अस्सल साधन कोणते, बनावट कोणते, हे पारखण्याची विद्या आपण वर्गात शिवकालीन पत्रांवर आणि ताम्रपटांवर शिकतो. तीच विद्या एका घुबडाला कशी उपयोगी पडली, ते पाहू.

प्रथम पक्ष्याची ओळख. आपल्या गावातल्या वडाच्या, चिंचेच्या ढोलीत राहतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. पहाटे कुडमुडे वाजवीत भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला नाव मिळाले ते याच पक्ष्यावरून. त्याचे बोलणे आपल्याला कळते, असा त्या जोश्यांचा दावा. आपला नायक आहे रानपिंगळा. काही जण त्याला वनपिंगळा म्हणतात. उंची जेमतेम वीतभर. डोक्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, पायांवर दाट पांढरी पिसे, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे. राहणार सागाच्या शुष्क पानझडी जंगलात. आणि घुबड असूनही दिवसाढवळ्या वावरणारा. सरडे, पाली, उंदीर यांची शिकार तो चक्क उन्हात करतो.

या पक्ष्याचा पहिला नमुना खानदेशातला नाही. १८७२ च्या डिसेंबरात फ्रान्सिस रॉबर्ट ब्लुइट या अधिकाऱ्याने तो आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात, बसना–फुलझर परिसरात मिळवला. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लुइटचे नाव पक्ष्याला दिले. होय, तेच ह्यूम. आपल्या पाठ्यपुस्तकात ते १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेपुरते येतात. वास्तविक त्या काळी हिंदुस्थानातील पक्ष्यांच्या अभ्यासाचे ते सर्वांत मोठे नाव होते. ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक ते स्वतः चालवीत, आणि देशभरचे मुलकी व लष्करी अधिकारी त्यांना नमुने व टिपणे पाठवीत.

त्या अधिकाऱ्यांत एक होता जेम्स डेव्हिडसन. मुंबई इलाख्यातला हा मुलकी अधिकारी खानदेशात नेमणुकीवर होता. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्यालय धुळे. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी त्याची फाळणी झाली १९०६ मध्ये. आमचे असोदेही त्याच अखंड जिल्ह्यातले. बहिणाबाई चौधरी असोद्यात जन्मल्या १८८० साली. सुगरणीच्या खोप्याकडे इतक्या बारकाईने पाहणारी कवयित्री जिल्ह्याच्या एका टोकाला लहानाची मोठी होत होती, आणि दुसऱ्या टोकाला, शहादा–तळोद्याच्या रानात, डेव्हिडसन रानपिंगळे टिपत होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी हे साल डोक्यातून जात नाही.

१८८० ते १८८४ या काळात डेव्हिडसनने हे पक्षी मिळवले, आणि पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादीही ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापली. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या जातीचे अस्सल नमुने अवघे सात. त्यांतले बहुतेक आपल्या खानदेशचे.

मग ह्यूम यांचा या छंदावरून मनच उडाले. अनेक वर्षांच्या कष्टांनी लिहिलेली त्यांची हस्तलिखिते घरच्या नोकराने रद्दीत विकून टाकली होती. (अभिलेखागारात काम करणाऱ्या कोणाच्याही अंगावर काटा यावा, अशी ही घटना.) १८८५ मध्ये त्यांनी आपला अवाढव्य संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. हजारो पक्षी पेट्यांत बंद होऊन बोटीने इंग्लंडला गेले. पुढच्या शतकभरात हिंदुस्थानच्या पक्ष्यांविषयी काही ठरवायचे, तर आधी लंडनला जाणे आले.

आता चिठ्ठीकडे येऊ. संग्रहालयातला अभ्यासाचा पक्षी दिवाणखान्यातल्या पेंढा भरलेल्या वाघासारखा ऐटीत उभा नसतो. कातडे काढून आत कापूस भरतात, पोट शिवतात, पंख अंगालगत दुमडतात आणि पक्ष्याला उताणे, ओळीने खणात ठेवतात. पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते : कोठे, केव्हा, कोणी मारला. ही चिठ्ठी नसेल, तर नमुन्याला शास्त्रात फारशी किंमत उरत नाही. आपल्या भाषेत सांगायचे, तर कातडे म्हणजे कागद आणि चिठ्ठी म्हणजे मिती, मुक्काम व शिक्का. शिक्का खोटा असेल, तर सगळा कागदच वाचकाला भलतीकडे घेऊन जातो.

नेमके तेच झाले. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी, हेरखात्यातला माणूस आणि नामांकित पक्षीसंग्राहक. १९५४ मध्ये त्याने ब्रिटिश म्युझियमला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह दिला. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर मजकूर असा की तो ऑक्टोबर १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे आजच्या गुजरातच्या सुरत जिल्ह्यात, मिळाला.

या एका चिठ्ठीने दोन गोष्टी केल्या. पक्ष्याची शेवटची नोंद तीस वर्षे अलीकडे सरकली, आणि त्याचा मुक्काम सातपुड्याच्या सागवनातून तापीच्या खालच्या खोऱ्यात गेला. साहजिकच शोधणारे तिकडे वळले. डॉ. सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ली यांच्या पिढीला हा पक्षी सापडला नाही. सलीम अली १९८७ मध्ये गेले. ज्या माणसाने या देशाला पक्षी पाहायला शिकवले, त्याच्या आयुष्यात या पक्ष्याची जागा रिकामीच राहिली. माझ्या मते या लबाडीची खरी किंमत ही आहे. एक कातडे चोरीला जाणे ही त्यामानाने किरकोळ बाब.

कारण ते कातडे चोरीचेच होते. माइनर्ट्झहागनविषयी कुजबुज जुनी होती. संग्रहालयातले नमुने परवानगीवाचून नेल्याबद्दल १९१९ मध्ये त्याला तेथील पक्षीदालनात काही काळ मज्जावही झाला होता. तरी मोठ्या हुद्द्याच्या, मोठ्या दात्याच्या शब्दावर बोट कोण ठेवणार? १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी त्याच्या संग्रहातील काही नमुन्यांची लबाडी पुराव्यानिशी मांडली. पुढे दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या ग्रंथासाठी, जे काम मूळ रिप्लींनी हाती घेतले होते, रासमुसेन एकेक नमुना तपासू लागल्या आणि या रानपिंगळ्यापाशी थबकल्या.

त्यांची पद्धत पाहा. प्रत्येक कारागिराची सही त्याच्या कामात असते : टाके कसे घातले, कापूस कसा भरला, पंख कसा बांधला. आपण मोडी वळणावरून लेखनिक ओळखतो, तशातलाच हा प्रकार. मांडवीच्या म्हटल्या जाणाऱ्या नमुन्याची ही तपासणी झाली, क्ष-किरणांनी आतला भागही पाहिला गेला. तो नमुना उसवून पुन्हा शिवला होता. वरची डागडुजी नवी, खालचे हात जुने. आणि ते जुने हात डेव्हिडसनचे होते! १८८० च्या दशकात खानदेशात मारलेला पक्षी ब्रिटिश म्युझियममधून उचलला गेला, नव्याने शिवला गेला, नवी चिठ्ठी लावून त्याच संग्रहालयाला भेट म्हणून परत दिला गेला. रासमुसेन आणि निगेल कॉलर यांनी १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात हे प्रकरण तपशिलाने प्रसिद्ध केले.

पण त्याआधीच त्यांनी निष्कर्षाचा उपयोग करून घेतला होता. १९१४ ची नोंद बाद केली, तर उरतात ब्लुइटची आणि डेव्हिडसनची ठिकाणे. १९९७ च्या नोव्हेंबरात ते तिघे आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी हिंडले. तेथे यश आले नाही. मग ते खानदेशात आले. शहाद्याला. एकशे तेरा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर जे लिहिले होते, त्याच मुलखात पक्षी बसलेला होता.

या क्षणी छायाचित्राचे महत्त्व लक्षात घ्यायला हवे. ह्यूम यांच्या काळी ‘पाहिला’ या शब्दाला वजन नव्हते. पक्षी मारून दाखवावा लागे. साध्या पिंगळ्याशी गल्लत होणे इतके सोपे की नुसत्या तोंडी वर्णनावर १९९७ मध्येही कोणी विश्वास ठेवला नसता. छायाचित्रात बिनठिपक्यांचा माथा दिसला, पांढरे पाय दिसले, पट्टे दिसले. पक्षी जिवंत राहिला आणि पुरावाही मिळाला.

‘पुनर्शोध’ हा शब्द मात्र मी थोडा जपूनच वापरतो. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वाड्यांतील माणसे त्या ११३ वर्षांतही त्याच झाडांखालून जात होती. पक्षी हरवला होता तो खणांतून आणि ग्रंथांतून. त्या माणसांपैकी कोणाची साक्ष कोठल्या चिठ्ठीवर उतरली नाही, कारण चिठ्ठी लिहिणारा हात त्यांचा नव्हता.

पुढची हकीकत त्यामानाने वेगाने घडली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ–तळोदा भागात रानपिंगळ्याचा आवाज, विणीचा हंगाम, आहार यांचा अभ्यास केला. पक्षी मेळघाटात आढळला. मध्य प्रदेशात खंडवा–बऱ्हाणपूरच्या जंगलांत गिरीश जठार आणि रहमानी यांच्या पाहणीत मिळाला. आपल्या जळगाव जिल्ह्यात यावल अभयारण्यात आहे. २०१४ च्या ऑक्टोबरात तर तो तानसा अभयारण्यात दिसला, मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत! गुजरातच्या डांगाकडील पूर्णा अभयारण्यातूनही नोंद आली. २०१८ मध्ये जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आला.

ही बढती वाचून पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. येथे एक फरक लक्षात ठेवा. अमेरिकेतला तपकिरी पेलिकन डीडीटीमुळे नष्ट व्हायला आला होता. अंड्यांची कवचे इतकी पातळ होत की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या भाराने ती फुटत. १९७२ मध्ये तेथे डीडीटीवर बंदी आली, पक्षी खरोखर वाढले आणि २००९ मध्ये त्यांचे नाव संकटग्रस्त यादीतून निघाले. कारण सापडले, ते दूर केले, संख्या वाढली. रानपिंगळ्याचे तसे नाही. तो अधिक ठिकाणी सापडला, म्हणून त्याचा वर्ग बदलला; तो वाढला, असे त्यावरून म्हणता येत नाही. प्रौढ पक्षी अंदाजे एक हजारांच्या आतच धरले जातात, तेही तुकड्यातुकड्यांनी उरलेल्या जंगलांत. आपली नजर वाढली आहे, एवढेच खात्रीने सांगता येते.

आणि जंगल? १९९७ मध्ये शहादा–तळोदा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधीच्या काही वर्षांत तळोद्याची हजारो हेक्टर वनजमीन सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी मोकळी करण्यात आली होती. नर्मदाकाठी ज्यांची गावे बुडाली त्या आदिवासी कुटुंबांना जमीन मिळणे हा त्यांचा हक्क होता, आणि ती जमीन मिळाली तीच मुळी साग तोडून. डेव्हिडसनच्या रानाचा एक भाग असा शेतात गेला. या घटनेत ‘माणूस विरुद्ध पक्षी’ असा सोपा तक्ता मांडणाऱ्यांशी माझे पटत नाही. धरणाचा निर्णय दोघांपैकी कोणीच घेतला नव्हता.

शेवटी कॅमेऱ्याबद्दल थोडे. आज रानपिंगळ्याचे उत्तम छायाचित्र हे अनेक छायाचित्रकारांचे स्वप्न आहे. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला पुढे बोलावणे, विणीच्या हंगामात ढोलीसमोर ठाण मांडणे, असले प्रकार चालतात. शिवाय घुबडांची अंधश्रद्धेपोटी शिकार होते ती वेगळीच. आता प्रत्येक डिजिटल छायाचित्राच्या पोटात तारीख, वेळ आणि पुष्कळदा अक्षांश–रेखांशही असतात. ही आजची चिठ्ठी, आणि ती बहुधा खरी असते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ती पूर्ण, अचूक हवी असते. पण ढोलीचा अचूक पत्ता समाजमाध्यमावर पडला की पुढच्या रविवारी तेथे गाड्या उभ्या राहतात.

म्हणून या धाग्याखाली कोणी यावलची किंवा तोरणमाळची छायाचित्रे टाकणार असाल, तर जिल्ह्यापलीकडचा पत्ता लिहू नका. तारीख आणि नेमके ठिकाण स्वतःच्या वहीत नोंदवा, वनविभागाला किंवा अभ्यासकांना कळवा. माझ्या वहीत यावलच्या पानावर अजून फक्त साधे पिंगळे आहेत, ठिपक्यांच्या माथ्याचे.