पावाचा तुकडा

दादोबा पांडुरंग म्हटलं की आम्हा मास्तर लोकांना आठवतं ते त्यांचं १८३६ सालचं मराठी व्याकरण. पण १८४९ मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस मंडळीतही ते पुढे होते, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

ही मंडळी गुप्तपणे जमत. प्रार्थना, धर्मावर चर्चा आणि जात न पाळता सहभोजन. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा. त्या काळी तेवढ्या घासापायी माणूस वाळीत पडे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावं फुटली आणि मंडळी मोडली. पुढे १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला, तो मात्र उघडपणे.

तरुणपणी मी परमहंसवाल्यांना भित्रे म्हणत असे. आता म्हणवत नाही. लहानपणी माझा एक वर्गमित्र घरी आला की त्याचं पान ओटीवर मांडलं जाई आणि मी आत जेवायला बसे. मी कधी उठून त्याच्याजवळ गेलो नाही.

त्या लोकांनी दार लावून का होईना, पंगत एक केली होती. आमच्याकडे तर दार उघडंच होतं.

असो.