आनाशी ढाकाचा सण

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, किनारपट्टीच्या गावांत तेलाचे घाणे चालविणारी एक जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. शनिवारी हे लोक घाण्याला बैल जुंपीत नसत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवीत. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे.

वसंतातील पौर्णिमेस यहुदी लोकांचा पेसाह हा सण येतो. मिसर देशाच्या दास्यातून पूर्वज निघाले तेव्हा कणीक आंबण्याइतकीही उसंत त्यांना मिळाली नाही, म्हणून या दिवसांत आंबवलेले अन्न वर्ज्य. आणि सणाच्या रात्री मुलांना ती सुटकेची कथा सांगणे हे प्रत्येक घराचे कर्तव्य. कोकणात ग्रंथ नव्हते, तेव्हा कथा वाचणार कोण? भातभाकरीच्या त्या मुलखात वर्ज्य करावयास आंबवलेला पावही नव्हता. तरीही सण राहिला. घरात आंबट रसाचे एक मडके असे, त्याला ‘आनस’ म्हणत. त्या दिवसांत ते झाकून ठेवावयाचे. सणाचे नावच मुळी ‘आनाशी ढाकाचा सण’ असे पडले. हाईम सामुएल केहिमकर यांनी 1897 साली लिहिलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात या जुन्या सणांची नोंद आहे. अशा चालीरीतींना अज्ञान म्हणणे सोपे आहे. पण का झाकावयाचे हे ठाऊक नसताना ज्या गृहिणींनी दरवर्षी ते मडके झाकले, त्यांनीच आंबवलेल्याचा निषेध जिवंत ठेवला.

कथा परत आली ती पुढे. मुंबईत 1796 साली सामुएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले. कोचीनहून शिक्षक आले. आणि जॉन विल्सन या ख्रिस्ती मिशनऱ्याने 1832 साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण रचले. त्याचा हेतू धर्मांतराचा होता, फळ मात्र वेगळेच आले! पेसाहच्या रात्री वाचावयाची पोथी, ‘हग्गादा’, मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत निघाली, आणि 1874 मध्ये पुण्यास सचित्र हग्गादा छापली गेली. तिच्यातील चित्रांना नमुना युरोपातील. परंतु बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून, भुईवर बसकण मारून, आपल्याकडच्या बायकांसारख्याच कामाला लागलेल्या आहेत. तेव्हापासून घराला चुन्याची सफेदी, तांब्याच्या भांड्यांना कल्हई, आणि रात्री पानावर कडू पाला व खजुराचा रस, असा हा सण मराठी घरांतून साजरा होऊ लागला. आनसाचे नाव हळूहळू मागे पडले.

1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली व लोद, अश्दोद, दिमोना अशा गावी स्थायिक झाली. युरोपातून आलेल्या यहुद्यांच्या अनेक घरांत पेसाहच्या दिवसांत तांदूळही निषिद्ध मानतात. कोकणातून गेलेल्यांच्या पानातला भात मात्र त्या दिवसांतही सुटलेला नाही.