रझाकार आणि फासिझम

ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं पहाटे सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्यानें हैदराबाद संस्थानची सीमा ओलांडली व त्याच दिवशीं नळदुर्ग ताब्यांत घेतला. ता. १७ रोजीं निजामानें शरणागति पत्करली. रझाकारांच्या जुलमाला कंटाळून संस्थानांतील कित्येक कुटुंबांनीं तत्पूर्वींच सोलापूर-बार्शीच्या मुलखांत आश्रय घेतला होता. या रझाकारांना नाझी सैनिकांची उपमा वारंवार देण्यांत येते. ती कितपत यथार्थ आहे, हें पाहणें अगत्याचें आहे. कारण संघटनेचा दोष समाजाच्या माथीं मारला म्हणजे काय घडतें, याचा अनुभव याच मुलखानें घेतला आहे.

साम्य उघड आहे. १९२७ सालीं स्थापन झालेल्या मजलिस-इ-इत्तेहादुल मुसलमीनचें नेतृत्व १९४६ च्या सुमारास लातूरचे वकील कासीम रझवी यांच्याकडे आलें. गणवेश, कवाईत, नेत्याच्या आज्ञेवर प्राण देण्याची शपथ आणि विरोधकांवर दहशत, हीं सर्व लक्षणें रझाकारांत होतीं. ही दहशत केवळ हिंदूंपुरतीच नव्हती. भारतांत विलीन होण्याचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्लाखान यांचा ऑगस्ट १९४८ मध्यें खून झाला. ते मुसलमानच होते.

परंतु भेदहि तितकाच मोठा आहे. मुसोलिनी १९२२ मध्यें आणि हिटलर १९३३ मध्यें सत्तेवर आले, ते बहुसंख्य राष्ट्राच्या नांवानें. आणि जुनी राज्यघटना मोडून त्यांनीं स्वतःची हुकूमशाही उभारली. रझाकार लढले तें एक जुनें राजघराणें टिकविण्यासाठीं. संस्थानांत मुसलमान सुमारें एक-अष्टमांश असून सैन्यांत व वरिष्ठ नोकऱ्यांत त्यांचें प्राबल्य होतें. लोकसत्ता आली तर हें वर्चस्व जाईल, या भीतीवर रझवींची चळवळ पोसली गेली. तिचें मूळ धर्मशास्त्रापेक्षां सरंजामी सत्तेंत अधिक शोधावें लागतें.

शिवाय गणवेश व कवाईत यांचें आकर्षण त्या काळीं कोणा एका धर्माचें नव्हतें. पंजाबांत इनायतुल्ला मश्रिकींनीं १९३१ सालीं खाकसार चळवळ सुरू केली. त्याच वर्षीं डॉ. मुंजे यांनीं रोममध्यें मुसोलिनीची भेट घेऊन तेथील तरुणांच्या लष्करी शिक्षणाची प्रशंसा केली. म्हणून तुलना करावयाची ती कार्यपद्धतीची; धर्माची नव्हे.

हा विवेक सुटल्याचा परिणाम भयंकर झाला. सैनिकी कारवाईच्या वेळीं व तीनंतर जो संहार झाला, त्यांत सत्तावीस ते चाळीस हजार माणसें मारलीं गेलीं असावींत, असा पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागली. मेलेल्यांत बहुतेक सामान्य मुसलमान होते. हा अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं. खुद्द रझवींवर मात्र रीतसर खटला झाला व शिक्षा भोगून १९५७ मध्यें ते पाकिस्तानांत गेले. नेत्याला न्यायालय मिळालें. ज्यांचा कांहींच अपराध नव्हता, त्यांना तें मिळालें नाहीं.