एका पेल्यातून

माझ्या पणजोबांनी उभ्या आयुष्यात एकही रविवार चुकवला नाही, हे आमच्या घराण्यात अजून अभिमानानं सांगतात. चर्चची घंटा त्यांनीच दिलेली. मत्तयाचे अध्यायच्या अध्याय तोंडपाठ. उपासनेला निघताना डोक्याला धुतलेला फेटा, काखेत पवित्रशास्त्र आणि मागून सगळं घर. आजी मात्र हे ऐकलं की पुढचं अर्धं वाक्य जोडायची, "आन् पेला आला की उठून जायचे, ते बी सांगा."

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली नगरला आले. नगर जिल्ह्यात त्यांच्या मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः महारवाड्यांतून. नेवासे तालुक्यातल्या आमच्या खेड्यातही आम्ही तिथलेच. मांगवाड्यातली घरं मागाहून आली. बाप्तिस्म्यानं दोघांचा देव एक झाला, पाणी एक झालं नाही. गावानं दोघांनाही वेशीबाहेर ठेवलं होतं, तरी वेशीबाहेरसुद्धा वरचे-खालचे होतेच. चर्चमध्ये कुणी पाटी लावली नव्हती. जाजमावर पुढं आम्ही आणि मागं, दाराजवळ ते. प्रभुभोजनाचा पेला पुढून मागं फिरायचा. आमच्यानंतर त्यांचे ओठ लागायचे, त्यांच्यानंतर आमचे कधीच नाहीत. त्यामुळं वाद उपस्थितच होत नसे.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. येवला आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातलं. आजी सांगायची, त्या हिवाळ्यात मंडळीत दुसरा विषय नव्हता. बाबासाहेब ख्रिस्ती होतील काय? आमच्या पाळकांना मात्र वेगळीच काळजी लागली होती. बाबासाहेबांचे लोक उद्या या दारातून आत आले, तर त्यांना काय दिसेल? ही काळजी खरी होती. धर्मांतरितांनी जात चर्चमध्येही सोबत आणली, हे बाबासाहेबांनी पुढं स्पष्ट लिहून ठेवलं. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले ते लेख प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसानं वाचावेत, असं मला मनापासून वाटतं.

आजी तेव्हा नवी नवरी होती, पंधराची. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री मनुका भिजत घालायचं काम तिच्याकडे आलेलं. पहाटे त्या उकळायच्या, हातानं कुस्करायच्या, जुन्या धोतराच्या धुतलेल्या फडक्यातून दोनदा गाळायच्या. बिया राहता कामा नयेत. हा गडद, गोडसर रस झाकलेल्या तांब्यातून चर्चमध्ये जायचा.

त्या हिवाळ्यातल्या एका प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकांनी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय घेतला. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर एका पंगतीला बसत होता, पण यरुशलेमेकडची माणसं आल्यावर त्यांच्या भीतीनं बाजूला झाला. पौलानं त्याला सर्वांदेखत तोंडावर विरोध केला. उपदेश संपवून पाळक पेला घेऊन खाली उतरले आणि पुढच्या ओळी ओलांडून थेट दाराशी गेले. तिथं दोर वळून पोट भरणारी एक म्हातारी बसली होती. प्रभूची प्रार्थना तिला कधी सरळ म्हणता आली नाही, मध्येच अडायची. ती मागं सरकली. "आधी त्यास्नी द्या," म्हणाली. पाळक पेला धरून तसेच उभे राहिले. बराच वेळ. मग ती प्याली.

पेला पुढं येऊ लागला तसे पणजोबा उठले. त्यांच्यामागं पुढच्या दोन्ही ओळी उठल्या. आजी बसून राहिली. का, असं आम्ही नातवंडांनी कितीदा विचारलं असेल. उत्तर नेहमी तेच, "मनुका म्या गाळल्या व्हत्या. माझ्या हातचं टाकून कुठं जाऊ?" ती भ्याली होती, हेही ती लपवत नसे. घरी आल्यावर तिला चुलीपाशी येऊ दिलं नाही. त्यानंतर पणजोबा दर रविवारी येत राहिले, पुढंच बसत राहिले आणि पेल्याच्या वेळी बाहेर जात राहिले, मरेपर्यंत.

त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. प्रार्थनेत त्यांचे डोळे भरून येत, ते कुणाला दाखवायला नव्हे. घंटेसाठी त्यांनी बैल विकला होता. वरवरची भक्ती म्हटलं की आपण नवे कपडे, बडेजाव, पाठ केलेल्या प्रार्थना यांकडे बोट दाखवतो. पणजोबांची भक्ती आतूनच येत होती. फक्त शेजारच्या माणसापाशी येऊन ती थांबत होती. मला भीती वाटते ती अशा भक्तीची.

आमच्या घरात लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलं जायचं तेव्हा आजी त्यांच्याकडे आपली मैत्रीण असल्यासारखी बघायची. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढं त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी सोवळं, पाणी, स्वयंपाक सगळं वेगळं. मग त्यांच्या मनातूनच जात गेली, आणि त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी दुसऱ्याच्या हातचं पाणी, मग डोक्यावरचं पाणी. आमच्याकडे क्रम उलटा लागला आणि दुसरी पायरी बऱ्याच घरांनी चढलीच नाही.

आता आमच्या चर्चमध्ये तबकातून छोटे छोटे पेले फिरतात, ज्याचा त्याला. आरोग्याच्या दृष्टीनं ते योग्यच आहे, माझी तक्रार नाही. बसतातही सगळे मिसळून. पण लग्नाची बोलणी निघाली की कुणीतरी वडीलधारं आवाज खाली आणून विचारतंच, "मूळचे कोणते?"

यंदा माझ्या चुलतभावाच्या मुलीसाठी स्थळ आलं आहे. मुलगा शिक्षक आहे, तिला आवडलेला आहे, आमच्याच मंडळीतला आहे आणि त्या म्हाताऱ्या बाईच्या पणतीचा मुलगा आहे. घरातल्या बैठकीत तो प्रश्न आलाच. मी पणजोबांची गोष्ट सर्वांसमोर पूर्ण सांगितली, आजीच्या अर्ध्या वाक्यासकट. काका रागावून उठले. पोरीची आई म्हणाली, तारीख धरा. काकांनी अजून होकार दिलेला नाही.