वेदांगज्योतिष

सहा वेदांगांपैकी एक. भारतीय कालगणनेवरील उपलब्ध ग्रंथांत सर्वांत जुना. लगध या आचार्याच्या मतानुसार रचलेला. ऋक्पाठ (३६ श्लोक) व यजुःपाठ (४३ श्लोक) असे त्याचे दोन पाठ असून बरेच श्लोक दोहोंत समान आहेत. अथर्वज्योतिष हा निराळा व नंतरचा ग्रंथ होय.

प्रयोजन : यज्ञकर्माचा काळ ठरविणे. दर्शपूर्णमासासारख्या इष्टींसाठी अमावास्या-पौर्णिमा आधी कळावी लागे. जन्मपत्रिकेची आस्था असणाऱ्याला येथे काही सापडणार नाही.

गणित : पाच वर्षांचे एक युग. सूर्य-चंद्र धनिष्ठारंभी एकत्र असताना, माघ शुक्ल प्रतिपदेस, उत्तरायणाबरोबर ते सुरू होते. युगात १,८३० सावन दिवस, ६० सौर मास व ६२ चांद्र मास. वरचे दोन महिने ते अधिकमास : एक तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर, दुसरा पाचव्याच्या अखेरीस. वर्ष ३६६ दिवसांचे धरल्याने प्रत्यक्ष उत्तरायण दर युगात जवळजवळ चार दिवस आधी येते. चंद्राच्या बाबतीत चूक एका दिवसाहून कमी. या रीतीने ९५ वर्षांत ३८ अधिकमास पडतात; आकाशाशी मेळ राखायला ३५ पुरेत. तेव्हा अधूनमधून एखादा अधिकमास गाळीत असावेत.

दिनमान लहानात लहान १२ व मोठ्यात मोठे १८ मुहूर्त. अयनारंभापासून गेलेल्या दिवसांची दुप्पट करून ६१ ने भागावे व १२ मिळवावे, म्हणजे उत्तरायणातील त्या दिवसाचे मान मिळते. १८३ व्या दिवशी बरोबर १८. अठरा मुहूर्त म्हणजे १४ तास २४ मिनिटे. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा. अठरा मुहूर्तांचे मान ३५ अक्षांशाच्या आसपासचे. त्यावरून रचनास्थळ वायव्येकडे मानतात. या मानामागे बाबिलोनी प्रभाव असल्याचाही पक्ष आहे.

सत्तावीस नक्षत्रे एका श्लोकात एकेका अक्षराने सांगितली आहेत : अश्वयुजौचे ‘जौ’, आर्द्रेचे ‘द्रा’. क्रम नेहमीचा नव्हे. दर वेळी पाच नक्षत्रे पुढे जावे लागते. ही किल्ली हाती नसेल तर श्लोक निरर्थक भासतो.

काल : वादग्रस्त. धनिष्ठारंभीच्या उत्तरायणावरून शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांनी इ. स. पू. १४०० च्या सुमाराचा काळ धरला. भाषेच्या आधारे काही अभ्यासक ग्रंथ बराच अलीकडे ओढतात. दीक्षितांचे विवेचन त्यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात असून मराठी वाचकाने तेथूनच आरंभ करावा.

ग्रहगती : विचार नाही.

टीका : सोमाकराची, यजुःपाठावर.