एशिया (६७)
मंगळ व गुरू यांच्या कक्षांमधील मुख्य पट्ट्यातला लघुग्रह. नॉर्मन पॉगसन यांनी १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेतून तो शोधला. आशिया खंडातून लागलेला हा लघुग्रहाचा पहिलाच शोध, म्हणून त्याला खंडाचेच नाव मिळाले. ताऱ्यांच्या दृश्यप्रतींचे आजचे प्रमाण घालून देणारे पॉगसन त्याच वर्षी मद्रासला आले होते. पुढे सॅफो व सिल्व्हिया हे लघुग्रहही त्यांना तेथूनच सापडले. एशियाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वीच्या सु. २.४२ पट असून प्रदक्षिणेस सु. पावणेचार वर्षे लागतात. कक्षा बरीच लंबवर्तुळाकार (विमध्यता सु. ०.१८५) असल्याने हे अंतर सु. १.९७ ते २.८७ पटींदरम्यान बदलते. क्रांतिवृत्ताच्या पातळीशी कक्षेचा कल सु. ६° आहे.