वसाहतकालीन धातुवस्तूंचा शोध व कालनिर्धारण

वसाहतकालीन धातुवस्तूंचा शोध व कालनिर्धारण म्हणजे ब्रिटिश व अन्य युरोपीय सत्तांच्या काळात जमिनीत हरवलेली, टाकलेली किंवा पुरलेली नाणी, गोळ्या, काडतुसे, बटणे, कुलुपे, नाल इत्यादी वस्तू धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने शोधून त्यांचा काळ ठरविण्याची पद्धत होय. रणांगणांच्या पुरातत्त्वीय अभ्यासात ही पद्धत विशेष उपयुक्त ठरली आहे. वस्तू घडविल्याचा काळ आणि ती जमिनीत गेल्याचा काळ हे दोन निरनिराळे असतात. त्यामुळे वस्तूइतकेच तिच्या सापडण्याच्या जागेलाही महत्त्व असते. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीकाठी वसलेल्या मांजरीसारख्या परिसरात ही गोष्ट स्पष्टपणे दिसून येते.

परिसर

पुणे परिसरात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्यानंतर १६ नोव्हेंबरला येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी चकमक होऊन १७ नोव्हेंबरला पुणे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगावची लढाई झाली. पुढे पुणे व खडकी येथे लष्करी छावण्या वसल्या. पुणे–सोलापूर लोहमार्ग १८५८ ते १८६० या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मांजरी बुद्रुक हे याच मार्गावरील स्थानक आहे. मुठा उजव्या कालव्यामुळे शहराच्या पूर्वेस बागायत वाढली आणि मांजरी येथे सरकारी प्रायोगिक शेतही उभे राहिले. त्यामुळे या भागातील शेतजमिनीत लष्करी, रेल्वेविषयक व घरगुती अशा तिन्ही प्रकारच्या धातुवस्तू सापडणे संभवते. मांजरी बुद्रुकचा जून २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समावेश झाला. बांधकामासाठी वरचा मातीचा थर खरवडून नेला गेल्यास त्यातील वस्तूंचे मूळ स्थान कायमचे पुसले जाते.

यंत्र व माती

धातुशोधकाच्या कड्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडले जाते. त्या क्षेत्रात धातू आल्यास त्यात भोवरी विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्यामुळे उद्भवणारे दुय्यम क्षेत्र यंत्र टिपते. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी याच तत्त्वाचे उपकरण वापरले होते. तो प्रयत्न मात्र अयशस्वी ठरला. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंगशोधनासाठी हातात धरण्याजोगे यंत्र विकसित केले.

सर्वसाधारण यंत्राने नाण्याएवढी वस्तू साधारणपणे १५ ते २५ सेंटिमीटर खोलीपर्यंत कळते. दख्खनच्या पठारावरील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे असतात. त्यामुळे यंत्राला खोटे संकेत मिळतात आणि शोधाची खोली घटते. यावर उपाय म्हणून यंत्राचे त्या जमिनीशी संतुलन साधावे लागते किंवा स्पंदन-प्रेरण पद्धतीचे यंत्र वापरावे लागते.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. लहान वस्तू या भेगांतून खाली जातात, तर नांगरणीमुळे खालच्या वस्तू वर येतात. अशा जमिनीत केवळ खोलीवरून वस्तूचा काळ ठरविता येत नाही.

कालनिर्धारण

नाणी

नाण्यावर वर्ष असल्यामुळे त्याचा काळ ठरविणे सोपे वाटते; तथापि त्यात पुढील बाबी विचारात घ्याव्या लागतात.

• पुण्याचा अंकुशी रुपया पेशवाईनंतरही कंपनीच्या अमलात पाडला जात होता. त्यावरील फसली सनात ५९० मिळविल्यास इसवी सनाचे स्थूल वर्ष मिळते.
• १८३५ मध्ये कंपनीच्या सर्व इलाख्यांसाठी एकसमान चलन आले. रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम होते.
• १८४० हे वर्ष असलेले रुपये १८६२ पर्यंत पाडले जात होते. १८६२ हे वर्षही पुढे अनेक वर्षे रुपयांवर कायम राहिले. मुंबई टांकसाळीच्या अशा रुपयांवरील ठिपक्यांवरून ते पाडल्याचे प्रत्यक्ष वर्ष ओळखले जाते.
• १८७७ पासून व्हिक्टोरियाच्या नावापुढे ‘राणी’ऐवजी ‘सम्राज्ञी’ ही उपाधी दिसते.
• १९०६ पासून पैशासाठी तांब्याऐवजी कांसे वापरात आले. १९०७ मध्ये नागमोडी काठाचा एक आणा निघाला.
• १९४० मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातील आहे.

नाण्यावरील वर्ष हे त्याच्या जमिनीत पडण्याची केवळ पूर्वमर्यादा दर्शविते. १८६२ चा झिजलेला रुपया विसाव्या शतकातही हरवलेला असू शकतो. झीज जितकी अधिक, तितका चलनातील काळ दीर्घ, असा अंदाज केला जातो.

गोळ्या व काडतुसे

कंपनीच्या पायदळाच्या चकमकीच्या बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटर व्यासाची असे आणि तीत त्याहून थोडी लहान शिशाची गोल गोळी भरली जाई. आघाताने चपटी झालेली गोळी झाडलेली असते, तर साच्याची शिवण शाबूत असलेली गोळी बहुधा हातून पडलेली असते. शंक्वाकार गोळी १८५३ च्या एनफिल्ड रायफलीशी संबंधित असते. स्नायडर रायफलीची पितळी काडतुसे १८६६ नंतरची, तर .३०३ इंच व्यासाची काडतुसे १८८८ नंतरची असतात. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण व वर्षाचे आकडे उमटविलेले असतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. तेथील काडतुसांवर ‘के’ व ‘एफ’ ही रोमन अक्षरे आढळतात.

बटणे, कुलुपे व लोखंडी वस्तू

ब्रिटिश पायदळाच्या शिपायांच्या बटणांवर पूर्वी पलटणीचा क्रमांक असे. १८७१ पासून त्याजागी राजचिन्हाचे समान बटण आले. कंपनीच्या बंदुकांच्या चापावर आधी हृदयाकृती व्यापारचिन्ह होते; १८०८ पासून तेथे उभा सिंह दिसतो. बाणाच्या टोकाखाली ‘आय’ हे रोमन अक्षर असलेली खूण हिंदुस्थान सरकारची मालमत्ता दर्शविते. ‘जी.आय.पी.’ ही अक्षरे असलेली कुलुपे व बिल्ले ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे असून ही रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली.

सापडण्याच्या जागेचे महत्त्व

अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न येथे १८७६ मध्ये झालेल्या लढाईच्या जागेवर १९८३ मध्ये वणवा लागला. त्यानंतर १९८४-८५ मध्ये धातुशोधकाने पद्धतशीर पाहणी करून प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर नोंदविण्यात आली. काडतुसांवरील आघातखुणांवरून एकेका बंदुकीची रणांगणावरील हालचाल उलगडता आली. तीच काडतुसे जागेची नोंद न करता गोळा केली असती, तर त्यांतून केवळ बंदुकीचा प्रकार कळला असता.

मांजरी परिसरात याला आणखी एक बाजू आहे. पुणे शहरातील सोनखत शहरालगतच्या ऊसमळ्यांत वापरले जात असे. अशा खताबरोबर, तसेच गाळ व भरावाच्या मातीबरोबर छावणीतील बटणे किंवा नाणी दूरच्या शेतात पोहोचू शकतात. त्यामुळे एखाद्या शेतात लष्करी बटण मिळाले म्हणून तेथे सैन्याचा तळ होता, असा निष्कर्ष काढता येत नाही. एकाच काळातील अनेक वस्तूंचा समूह, त्यांची मांडणी आणि जुने नकाशे यांचा मेळ बसल्यासच तो ग्राह्य ठरतो.

जतन

तांब्याच्या वस्तूवर हिरवा, तर शिशावर पांढरट थर चढतो. लोखंड पापुद्रे सुटून झडते. चिंच, लिंबू किंवा राख लावून घासल्यास अक्षरे व खुणा नष्ट होऊ शकतात. वस्तू कोरडी ठेवून जागा, खोली व दिनांक यांची नोंद करणे आणि स्वच्छतेचे काम जतनतज्ज्ञावर सोपविणे इष्ट मानले जाते.

कायदेशीर तरतुदी

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची कोणतीही वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. तसे न केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्यास तीन-चतुर्थांश व जमीनमालकास एक-चतुर्थांश वाटा देण्याची तरतूद आहे. शासन मोबदला देऊन तो निधी संपादित करू शकते.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीस तिची निर्यात करता येत नाही. ही मर्यादा सरकती असल्यामुळे ब्रिटिश काळातील अधिकाधिक वस्तू दरवर्षी या कायद्याच्या कक्षेत येतात. संरक्षित स्थळी परवान्याविना उत्खनन करण्यास १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमान्वये मनाई आहे. न झाडलेले काडतूस किंवा तोफगोळा आढळल्यास त्याला हात न लावता पोलिसांना कळविणे आवश्यक असते; जुना दारूगोळाही स्फोटक राहू शकतो.

हे सुद्धा पहा

• खडकीची लढाई
• तिसरे इंग्रज–मराठा युद्ध
• नाणकशास्त्र
• मांजरी बुद्रुक